आनंदवन : श्रमाच्या गावातले उतारवय

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन कुष्ठरुग्णांची वसाहत म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. श्रमाच्या बळावर उभे राहिलेले गाव म्हणून त्याचा गौरव देशात आणि देशाबाहेरही झाला. मात्र सात दशकांहून अधिक काळाच्या वाटचालीत या गावाने आणखी एक मोठे काम फारसा गाजावाजा न करता केले. समाजाने ज्यांना तरुणपणीच घराबाहेर काढले, त्या माणसांना आनंदवनाने सन्मानाने म्हातारे होऊ दिले. वृद्धाश्रम म्हणून ही संस्था कधीच स्थापन झाली नव्हती. रहिवाशांची वये वाढत गेली, तशी तिची जबाबदारीही वाढत गेली. ज्या संस्थेने श्रम हाच आपला धर्म मानला, तिने श्रम करू न शकणाऱ्या हातांसाठी काय केले, याचा हा आढावा आहे.

विदर्भातील सेवेची भूमी

आनंदवनाची पायाभरणी होण्यापूर्वीच विदर्भात सेवाकार्याची भक्कम परंपरा रुजली होती. पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे १९०८ साली श्री गजानन महाराज संस्थानची स्थापना झाली. सेवाधाऱ्यांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता शिस्तीने सेवा करावी, हा तेथील परिपाठ पुढे सर्वदूर आदर्श ठरला. अमरावती जिल्ह्यात संत गाडगेबाबांनी स्वच्छतेचा आणि भुकेल्यांना अन्न देण्याचा मार्ग दाखवला, तर मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले. कुष्ठसेवेतही विदर्भ मागे नव्हता. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत तपोवनाची स्थापना केली. आनंदवनाच्या संस्थापकांना ही वाट नवीन नव्हती, पण त्यांनी ती पुढे आपल्या पद्धतीने चोखाळली.

पायाभरणी : १९४९ ते १९५१

आनंदवनाचे संस्थापक मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वकिलीची सनद घेतलेले, सुखवस्तू जमीनदार घराण्यातील हे तरुण गृहस्थ वरोऱ्यात स्थायिक झाले आणि नगरपालिकेच्या कारभारात लक्ष घालू लागले. सफाई कामगारांची संघटना बांधताना त्यांनी स्वतः मैला वाहिला. त्याच काळात एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना मरणासन्न अवस्थेत दिसला. त्याला पाहून आपणही भ्यालो, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे पहिले धडे घेतले, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रीतसर प्रशिक्षण पूर्ण केले आणि १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली.

समितीला वरोऱ्याबाहेर ५० एकर जमीन मिळाली. ती खडकाळ आणि झुडपांनी भरलेली होती. साप, विंचू आणि रानटी जनावरांचा तेथे सुळसुळाट होता. २१ जून १९५१ रोजी आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये एवढाच त्या वेळचा संसार होता. पहिली निकड पाण्याची होती. अपुऱ्या अवजारांनी, बोटे झडलेल्या हातांनी आणि बाबांच्या खांद्याला खांदा लावून विहीर खोदली गेली. पाणी लागले आणि त्या दिवसापासून या उजाड जागेवर वस्ती टिकणार याची सर्वांना खात्री पटली.

या पहिल्या वर्षांचा भार साधनाताईंनी समर्थपणे पेलला. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या गृहिणीने रुग्णांच्या जखमा धुतल्या, गाय सांभाळली आणि तुटपुंज्या शिध्यावर सर्वांची चूल पेटती ठेवली. त्यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनात त्या दिवसांचे चित्र आले आहे. आनंदवनाला पुढे जे घरपण आले, त्याचा उगम साधनाताईंच्या याच कष्टांत आहे.

श्रमातून प्रतिष्ठा : १९५० आणि १९६० ची दशके

भिक्षेने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, ही बाबांची ठाम धारणा होती. त्यामुळे आनंदवनात पहिल्यापासून उपचारांच्या जोडीने काम आले. शेती, गोपालन, भाजीपाला, सुतारकाम, लोहारकाम, विणकाम असे एकेक विभाग वाढत गेले. ज्याच्या हाताला बोटे नव्हती, त्याच्यासाठी अवजाराची मूठ बदलण्यात आली. ज्याचा पाय गेला होता, त्याला बसून करता येईल असे काम मिळाले.

तरी समाजाची भीती लगेच ओसरली नाही. आनंदवनातली भाजी आणि दूध घ्यायला वरोऱ्याच्या बाजारात सुरुवातीला कोणी धजावत नव्हते. पिकवलेले विकले जात नाही, हा घाव रोगापेक्षा खोल होता. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात मुक्कामाला आले. त्यांनी रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, इमारती बांधल्या आणि त्यांच्याच पंगतीला बसून जेवण केले. परदेशी पाहुणे हे अन्न निर्धास्तपणे खातात, हे पाहिल्यावर गावकऱ्यांचा संकोच हळूहळू गळून पडला.

१९५७ साली नागपूरजवळ अशोकवन ही आणखी एक वसाहत उभी राहिली. १९६४ साली आनंदवनात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या इमारतीसाठी कुष्ठमुक्त हात राबले आणि ज्यांच्या सावलीलाही एकेकाळी विटाळ मानला जाई, त्यांच्या गावात वरोरा परिसरातील घराघरांतली मुले शिकायला येऊ लागली. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, अपंगांना व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन, पोरक्या मुलांचे गोकुळ हे उपक्रम त्यानंतर जोडले गेले. १९६७ साली मूल तालुक्यातील सोमनाथ येथे मोठ्या शेतीप्रकल्पाचा प्रारंभ झाला आणि तेथील श्रमसंस्कार छावण्यांनी महाराष्ट्रातील तरुणांच्या पिढ्या या कामाशी जोडल्या. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला, तर आनंदवनाची धुरा डॉ. विकास आणि डॉ. भारती आमटे यांनी सांभाळली.

या वाढीत बाहेरच्यांचाही मोठा वाटा आहे. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या साहित्यिकांनी आनंदवनाशी मैत्री जोडली. मित्रमेळाव्यांना राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येऊ लागली आणि लहानमोठ्या देणग्यांचा ओघ सुरू झाला. एका टप्प्यावर मीठ, साखर, इंधन अशा मोजक्या गोष्टी वगळता गावाची बहुतेक गरज गावातच भागू लागली.

रोग गेला, माणसे राहिली

१९८० नंतरच्या काळात कुष्ठरोगाच्या उपचारात मोठा बदल घडला. तोवर मुख्य भिस्त डॅप्सोन या एकाच औषधावर होती आणि ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि भारतातही ही पद्धती लागू झाली. ठरावीक मुदतीच्या उपचाराने रुग्ण जंतुमुक्त होऊ लागला. घरी राहूनच औषध घेता येऊ लागल्याने वसाहतीत दाखल होण्याची गरज कमी झाली. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले.

या यशामुळे आनंदवनासारख्या संस्थांपुढे एक नवी परिस्थिती उभी राहिली. नव्याने येणाऱ्या तरुण रुग्णांची संख्या घटली, पण आधी आलेले परत गेले नाहीत. त्यांच्या अंगात रोग उरला नव्हता, मात्र वाकडी बोटे, बधिर तळवे, बसलेले नाक या खुणा उरल्या होत्या. गावाला त्या खुणाच दिसत होत्या. आई-वडील गेले होते आणि भावांच्या घरात यांच्यासाठी जागा नव्हती. अनेकांनी आनंदवनातच जोडीदार निवडला, संसार केला आणि हयात तेथेच वेचली. देशाने कुष्ठरोग संपत आल्याचे मानले तेव्हा या माणसांची साठी उलटत होती. सार्वजनिक लक्ष आणि मदतीचा ओघ दुसरीकडे वळण्याचा काळ आणि त्यांच्या म्हातारपणाची सुरुवात एकाच वेळी आली. देशात आजही दरवर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण आढळतात, याचा मात्र अनेकांना विसर पडतो.

स्नेहसावली आणि उत्तरायण

ज्या गावाने कामाच्या बळावर माणसाला उभे केले, तेथे काम थांबलेल्या माणसाचे स्थान काय, हा प्रश्न आनंदवनापुढे अपरिहार्यपणे आला. संस्थेने दिलेले उत्तर सरळ होते. ही विहीर, ही शेते, या शाळा ज्यांनी उभारल्या, त्यांची पुढची वर्षे हा उपकाराचा विषय असूच शकत नाही, ती त्यांची कमाई आहे. हातपाय थकलेल्या आणि अपंगत्व वाढलेल्या कुष्ठमुक्तांसाठी आनंदवनात ‘स्नेहसावली’ साकारली. निवास, तयार जेवण, औषधपाणी आणि सोबत या चारही गोष्टी तेथे मिळतात. समाजातील इतर ज्येष्ठांसाठी ‘उत्तरायण’ हा उपक्रम सुरू झाला. नोकरी-व्यवसायातून निवृत्त झालेल्यांनी उरलेले आयुष्य केवळ विश्रांतीत न घालवता आपला अनुभव गावाच्या उपयोगी आणावा, ही त्यामागची कल्पना. कुष्ठमुक्त वृद्ध आणि शहरातून आलेले निवृत्त ज्येष्ठ एकाच आवारात राहू लागले, हे पूर्वीच्या काळात अशक्यच वाटले असते.

कुष्ठमुक्त वृद्धाची देखभाल इतर वृद्धांपेक्षा वेगळी असते आणि ती समजून घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. त्याचा दिवस पायांपासून सुरू होतो. तळव्याची संवेदना गेलेली असल्याने काटा रुतला, फोड आला तरी त्याला कळत नाही. म्हणून रोज तळवे न्याहाळावे लागतात, पाण्यात भिजवावे लागतात, घट्टे खरवडावे लागतात आणि कातडी मऊ राहावी म्हणून तेल लावावे लागते. जुन्या व्रणांची मलमपट्टी नियमाने करावी लागते. खास मऊ रबराच्या तळाची चप्पल ही त्यांच्यासाठी औषधाइतकीच महत्त्वाची असते. चुलीवरचे भांडे, गरम चहाचा पेला बधिर हाताला पोळतो तो कळतच नाही, म्हणून फडके धरण्याची सवय अंगी बाणवावी लागते. काहींच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत आणि डोळे कोरडे पडतात.

वय वाढले की यात आणखी भर पडते. ज्याच्या हातांना स्पर्श कळत नाही, त्याला डोळेच हातांचे काम करून देतात. अशा माणसाला मोतीबिंदू झाला तर त्याच्याकडून नजर आणि स्पर्श दोन्ही एकदम हिरावले जातात. मधुमेहाची भर पडली तर पायाची साधी जखम पाय गमावण्यापर्यंत जाते. त्यामुळे आवारातील रुग्णालय, मलमपट्टी करणारे जाणते कार्यकर्ते आणि नेत्रतपासणी ही येथील वृद्धसेवेची मुख्य अंगे आहेत. मलमपट्टी करणाऱ्यांत स्वतः कुष्ठमुक्त झालेले अनेकजण आहेत. आपल्या पायाची काळजी घेता घेता ते दुसऱ्याच्या पायाची काळजी घ्यायला शिकले.

काम मात्र कोणावरही बंद केलेले नाही. ज्याला जे झेपेल ते त्याने करावे, न झेपल्यास बसावे, हा येथील रिवाज आहे. कोणी भाजी निवडतो, कोणी धान्य पाखडतो, कोणी सूत गुंडाळतो, कोणी रोपांना पाणी घालतो. वयोवृद्ध विणकर मागावर बसत नसला तरी नव्याने शिकणाऱ्याच्या धाग्यातली चूक त्याच्या नजरेतून सुटत नाही. आपले असणे कोणाच्या तरी उपयोगी आहे, ही जाणीव उतारवयात औषधाच्या बरोबरीने लागते, हे आनंदवनाने फार आधी ओळखले होते. गोकुळातली मुले, अंध आणि मूकबधिर विद्यार्थी, महाविद्यालयातील तरुण हे सारे याच आवारात वावरत असल्याने येथील म्हातारपण समवयस्कांच्याच चार भिंतींत अडकून राहत नाही. ज्यांना स्वतःची मुले नाहीत किंवा जी मुले दूर राहिली, त्यांना आजोबा आणि आजी म्हणणारी तोंडे येथे आहेत.

२००२ साली डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सुरू झाला. अंध, अपंग, मूकबधिर आणि कुष्ठमुक्त कलाकारांचा हा ताफा राज्यभर कार्यक्रम सादर करू लागला. एकेकाळी गावाच्या वेशीबाहेर ठेवलेली माणसे आता सभागृहांच्या रंगमंचावर टाळ्या घेऊ लागली.

संस्थापकांचे उतारवय

आनंदवनाने आपल्या संस्थापकांचे म्हातारपणही पाहिले. बाबांना मणक्याच्या विकाराने दीर्घकाळ ग्रासले होते. फार वेळ बसणे अशक्य असल्याने ते उभे तरी राहत किंवा पडून असत. तशाही स्थितीत १९८५ साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा केली आणि १९९० पासून जवळजवळ दशकभर नर्मदाकाठी कसरावद येथे मुक्काम ठोकला. साधनाताई त्यांच्या सोबत होत्या. अखेरच्या काळात बाबा आनंदवनात परतले. रॅमन मॅगसेसे पुरस्कार, पद्मविभूषण, टेम्पल्टन पुरस्कार, गांधी शांतता पुरस्कार असे सन्मान लाभलेला हा माणूस आपल्या जुन्या साथीदारांच्या बरोबरीने त्याच गावात थकला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांना आनंदवनाच्याच मातीत पुरण्यात आले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या. पहिल्या फळीतील अनेक कार्यकर्ते आणि कुष्ठमुक्त सहकारी या काळात एकामागून एक निघून गेले.

आजचे आनंदवन

दोन्ही संस्थापकांच्या पश्चात संस्थेपुढील आव्हाने सोपी नव्हती. शासकीय अनुदानाने गरजेचा एक हिस्साच भागतो. हातमागाच्या मालाला बाजारात यंत्राशी स्पर्धा करावी लागते. पूर्वी शंभर हात राबून कमावत आणि मोजके जण त्यावर विसंबत. आता राबणारे कमी आणि विसंबणारे अधिक, असा हिशेब झाला आहे. ३० नोव्हेंबर २०२० रोजी संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी डॉ. शीतल आमटे-करजगी यांच्या निधनाने आनंदवनाला मोठा धक्का बसला. तरीही रुग्णालय, शाळा, शेती आणि स्नेहसावलीची दैनंदिन कामे थांबली नाहीत. आमटे कुटुंबाची तिसरी पिढी, जुने कार्यकर्ते आणि आनंदवनवासी यांनी ती चालू ठेवली.

दरम्यान देशाचे कायदेही बदलले. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळण्यात आले. ज्येष्ठांसाठी राज्य शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम उभारण्याची तरतूद केली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोकसंख्या दहा कोटींहून अधिक होती. ती सतत वाढते आहे आणि शहरांकडे, परदेशाकडे गेलेल्या मुलांच्या मागे गावोगावी एकटी राहिलेली म्हातारी माणसे आता सर्वत्र दिसतात. पूर्वी केवळ कुष्ठरुग्णाच्या वाट्याला येणारे एकाकीपण आज इतरांच्याही दारात आले आहे.

विदर्भाने एकाकीपणाचे हे दुखणे वृद्धांपलीकडेही ओळखले आहे. बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांच्या सेवासंकल्प प्रतिष्ठानने रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर मनोरुग्णांना आसरा दिला आहे. घराने टाकलेल्या माणसाला पुन्हा घर मिळवून देणाऱ्या दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन यांच्या वाटेवरचीच ही पुढची पावले आहेत.

आनंदवनाच्या वाटचालीने एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध केली आहे. वृद्धाला छप्पर आणि दोन वेळचे जेवण दिले की काम संपत नाही. त्याला त्याच्या आयुष्यभराच्या कष्टाची ओळख असलेली माणसे आजूबाजूला हवीत, झेपेल तेवढे करण्याची मुभा हवी आणि झेपेनासे झाल्यावर ओशाळे न होता विसावण्याचा हक्क हवा. हे सर्व आनंदवनाने कुठल्याही योजनेची वाट न पाहता, उपेक्षितांतील उपेक्षितांसाठी उभे करून दाखवले. विहीर खोदणारे ते पहिले सहाजण, साधनाताईंसह चूल सांभाळणाऱ्या बाया, परदेशातून येऊन विटा वाहणारे तरुण, मलमपट्टी करणारे कुष्ठमुक्त सेवक, देणगीदार, डॉक्टर, शिक्षक आणि छावण्यांतून घडलेले कार्यकर्ते या साऱ्यांच्या श्रमाचे ते संचित आहे. ते जपण्यासाठी पुढच्या काळात आनंदवनाला निधीइतकीच सेवा करणाऱ्या तरुण हातांची गरज आहे आणि ते हात विदर्भाने आजवर कधी कमी पडू दिलेले नाहीत.